क्राईम एपिसोड लिहायलात? मग मशीनला काय जमत नाही ते आधी लिहून काढा

परभणी, नांदेड, लातूर, बीड कुठंही बघा, पोरं शॉर्टफिल्म करायलेत, यूट्यूबला वेबसिरीज टाकायलेत, त्यात क्राईमवाल्या तर भरपूर, आणि मला ते मनापासून आवडतं कारण भाषा आपली असते, ऊस आपला, विहीर आपली, मोंढ्यातली आडत दुकानं आपली, पोलीस पाटील सुद्धा अगदी ओळखीचा वाटावा असा असतो. पण तपास सुरू झाला की अचानक सगळं टीव्हीतून उचललेलं येतं. फौजदार म्हणतो झूम कर, की नंबर प्लेट साफ दिसते. डॉक्टर मृतदेहाकडं बघून सांगतो रात्री ११ वाजून २० मिनिटांनी मृत्यू झाला. डीएनएचा रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी हातात. इतका वेळ खरं वाटलेलं गाव एका मिनिटात खोटं होऊन जातं.

मी सीसीटीव्हीच्या धंद्यात आहे, कॅमेरे बसवतो, आणि चोरी-अपघात झाला की फुटेज काढून द्यायला पोलिसांसोबत बसावं लागतं. त्यामुळं कॅमेऱ्याचं मी हातानं केलेलं सांगतो, बाकीचं या कामातल्या लोकांकडून आणि वाचून पक्कं केलेलं. कुणी स्क्रिप्ट लिहायला बसलं असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे सगळं एका जागी टाकतो.

पद्धत साधी आहे. तुमच्या गोष्टीत जे जे मशीन, टेस्ट, रेकॉर्ड येणार त्याच्यापुढं आधी लिहायचं की याला काय कळत नाही, मग किती वेळ लागतो, आणि मग कोर्टात टिकायला कोणता कागद लागतो. गुन्हा कसा उघडकीला येतो ते त्याच्यानंतर ठरवायचं. बहुतेक जण उलटं करतात, आधी आरोपी ठरवतात आणि मग त्याला पकडायला मशीनकडून चमत्कार करून घेतात. मशीन जिथं थांबतं तिथं माणसाला डोकं लावावं लागतं आणि बघणाऱ्याला तेच बघायचं असतं.

कॅमेऱ्यापासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त खोटं तिथंच चालतं. आपल्याकडं दुकानाबाहेर बसवलेला कॅमेरा बहुतेक २ मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे चित्र रुंदीला १९२० ठिपक्यांचं. लेन्स बहुतेक २.८ एमएम, कारण गिऱ्हाईकाला एकाच कॅमेऱ्यात पूर्ण रस्ता पाहिजे असतो. ही लेन्स साधारण १०० अंशाचा पट्टा बघते. आता कॅमेऱ्यापासून १५ मीटरवरून एक मोटारसायकल गेली असं धरा. त्या अंतरावर कॅमेरा जवळजवळ ३६ मीटर रुंद जागा बघायलेला असतो. १९२० ला ३६ नं भागा, एका मीटरला ५३ ठिपके आले. मोटारसायकलची मागची नंबर प्लेट २०० मिलिमीटर रुंद असते, तिच्या वाट्याला आले दहा-अकरा ठिपके. तेवढ्यात एमएच २२ आणि पुढचं सगळं बसवायचंय. दहा ठिपक्यांत जशी रांगोळी काढता येत नाही तसाच त्यातून नंबर निघत नाही, कितीही झूम करा, ठिपके मोठे होतात, नवीन येत नाहीत.

रात्री अजून अवघड. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड लाईट प्लेटवर पडतो, आत्ताच्या हाय सिक्युरिटी प्लेटा उजेड परत फेकणाऱ्या असतात, त्यामुळं प्लेटच्या जागी पांढरा चौकोन दिसतो. समोरून गाडी येत असेल तर हेडलाईटनं अर्धी फ्रेम जळते. आणि रंगाचं तर नावच काढू नका, इन्फ्रारेडमध्ये चित्र काळंपांढरं असतं, त्यात काळा शर्ट सुद्धा कापडानुसार फिक्का, पांढरट दिसू शकतो. तुमच्या साक्षीदारानं "लाल शर्टवाला" म्हणलं आणि रात्रीच्या फुटेजमध्ये फिक्का शर्ट दिसला, हा झगडा कुठल्याही चमत्कारापेक्षा भारी सीन आहे आणि तो खरा आहे.

हल्ली लोक म्हणतात एआयनं क्लिअर करता येतं. ही चूक नवीन आहे पण जोरात पसरायली. ही ॲप्स हरवलेली माहिती शोधून आणत नाहीत, इथं काय असू शकेल याचा अंदाज बांधून नवीन चित्र तयार करतात. धूसर तीन ला ते सुंदर ठळक आठ करून देईल आणि तुम्हाला कळणार पण नाही. तपासात असं चित्र धरून एखाद्या निरपराध माणसाच्या दारात पोलीस गेले, हा कथेचा विषय होऊ शकतो. पण त्याच चित्रावर केस सुटली असं दाखवू नका, हात जोडून सांगतो.

मग खरे पोलीस काय करतात? कॅमेरे जोडत जातात. एका कॅमेऱ्यात नंबर नाही दिसला तरी गाडीची एक खूण दिसते, मागचा लाईट फुटलेला, सीटला बांधलेलं पोतं, पायदानावर कॅन. ती खूण धरून पुढच्या चौकातला कॅमेरा, मग पेट्रोल पंप, मग एखादं एटीएम, मग ढाब्याचा कॅमेरा, असं करत करत कुठंतरी गाडी हळू होते, जवळ येते आणि उजेडात येते, तिथं नंबर मिळतो. पेट्रोल पंपाचा कॅमेरा यासाठी सोन्याचा असतो कारण तिथं गाडी थांबते आणि वर लख्ख लाईट. हे काम दोन शिपाई दिवसभर डोळे फोडून करतात. त्यांना दाखवा की, त्यांच्यावर कुणी एपिसोड करतच नाही.

चारचाकी असेल तर टोलनाका आणि फास्टॅगची वेळ मिळते, मोटारसायकलला टोल नसतो म्हणून ती तिथं नोंदली जात नाही. आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही, त्यामुळं तुमचा आरोपी जालन्याहून बाईकवर समृद्धीनं आरामात पळाला असं लिहायचं असेल तर आधी विचार करा.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएसनं रेकॉर्ड करायलेत, तर एक कॅमेरा दिवसाला २१-२२ जीबी खातो, चार मिळून ८६ च्या आसपास, आणि एक टीबीची हार्डडिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. मग जुन्यावर नवीन लिहिलं जातं. म्हणजे तुमच्या गोष्टीत महिन्यापूर्वीचा खून असेल तर किराणा दुकानाचं फुटेज गेलेलं आहे. हवालदाराला पहिल्याच दिवशी ते मागायला सुचलं का नाही यावर अख्खी केस फिरते. लोक फुटेज डिलीट केलं असं दाखवतात, मालकाला खलनायक करतात, पण खऱ्यात कुणी काही न करता ते आपोआप जातं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनचं घड्याळ, माझ्या मते क्राईम लिहिणाऱ्याला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. डीव्हीआरमध्ये एक छोटी बटन बॅटरी असते, ती गेली आणि लाईट गेली की परत चालू झाल्यावर तारीख कुठल्या कुठं जाते, सन २००० दाखवणारे डीव्हीआर मी पाहिलेत. बॅटरी चांगली असली तरी इंटरनेटला न जोडलेलं घड्याळ महिन्यांमागं महिने थोडं थोडं सरकत राहतं. त्यामुळं फुटेज घेताना जाणता पोलीस पहिलं काम काय करतो तर खरी वेळ आणि मशीनची वेळ शेजारी शेजारी ठेवून फरक पंचनाम्यात लिहून घेतो. आता हाच प्रसंग स्क्रिप्टमध्ये कसा येईल बघा. मोंढ्यातलं दुकान, फौजदार, जमादार आणि आडत दुकानाचे शेठ:

"शेठ, तुमच्या मोबाईलात आत्ता किती वाजलेत?"
"साडेअकरा, साहेब."
"आणि हा डीव्हीआर काय दाखवायलाय?"
"अकरा सात."
"म्हंजे तेवीस मिनिटं मागं. जमादार, पंचांसमोर लिहून घ्या."
"साहेब, मग तो सव्वादहाला इथून गेला म्हणायलो होतो आपण..."
"सव्वादहा नाही जमादार. दहा अडतीस."

आणि संशयितानं जबाबात सांगितलेलं असतं की साडेदहाच्या एसटीत बसलो. संपलं. ना स्क्रीनवर हिरवी अक्षरं, ना झूम, एका मागं पडलेल्या घड्याळावर एपिसोड उभा राहिला, आणि बघणाऱ्याला ते पटतं कारण त्याच्या घरच्या डीव्हीआरचं घड्याळ पण चुकलेलंच आहे.

मी यावर एवढं का बोलायलो त्याचं कारण सांगतो. अपघातात घरचा माणूस गेलेले लोक फुटेज बघायला येतात. गाडी ठोकून पळून गेलेली असते, स्क्रीनवर दोन सेकंदाचा पांढरा धब्बा असतो, आणि एखादी माय म्हणते, "दादा, जरा मोठं करा ना, टीव्हीत तर नंबर दिसतो की." तिला काय सांगणार. मी सांगितलं तरी तिला वाटतं याला येत नाही, नाहीतर हा कुणाला तरी वाचवायलाय. पोलिसांवर पण तोच संशय येतो. ही आशा त्या माऊलीच्या मनात टीव्हीनं घातलेली असते. म्हणून जे लिहितात त्यांच्यावर जबाबदारी आहे असं मला खरंच वाटतं, आणि आपली गावाकडची पोरं हे नीट करू शकतात कारण त्यांनी हे लोक जवळून बघितलेत.

आता मोबाईल. "कॉल चालू ठेव, अजून दहा सेकंद, ट्रेस व्हायलंय" हा डायलॉग आधी खोडा. तो जुन्या एक्सचेंजच्या जमान्यातला आहे, तेव्हा यांत्रिक स्विच होते आणि कॉल कुठून आला हे बघायला माणसाला एकामागून एक जोडणी तपासत मागं जावं लागायचं, म्हणून वेळ लागायचा आणि कॉल चालू असावा लागायचा. आज कॉल लागला की कंपनीच्या रेकॉर्डला नोंद पडते, मग तो दोन सेकंदात कट करा का दोन तास बोला.

पोलिसांना जे मिळतं ते म्हणजे सीडीआर. कुणी कुणाला किती वाजता किती वेळ कॉल केला, कॉल सुरू होताना आणि संपताना कोणता टॉवर होता, हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा नंबर, कोणता. काय बोलले ते त्यात नसतं. व्हॉट्सॲप कॉल कुणाला केला ते पण त्यात नसतं. आणि हे कुणी पण शिपाई कंपनीला फोन करून मागवत नाही, एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीनं ठरलेल्या माणसामार्फत मागणी जाते. कंपन्यांनी हे रेकॉर्ड किमान दोन वर्ष ठेवायचं असा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे, त्यामुळं सात वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचे कॉल डिटेल्स काढले असं दाखवायचं असेल तर ते तेव्हाच काढून फायलीत लावलेले असले पाहिजेत. जुनी फाईल, धूळ, त्यात चिकटलेली सीडीआरची पानं, हा पण चांगला सीन आहे की.

लोकेशनचं खोटं तर भयंकर चालतं. नकाशावर लाल ठिपका आणि पोलीस थेट त्या खोलीच्या दारात. टॉवर लोकेशन म्हणजे ठिपका नसतो, पाकळी असते. एका टॉवरला साधारण तीन बाजूंना तीन अँटेना, प्रत्येकीचा १२० अंशाचा पट्टा. शहरात टॉवर दाट म्हणून पाकळी छोटी, पण आपल्या गावाकडं समजा तीन किलोमीटरपर्यंत रेंज आहे, तर एक पाकळी साडेनऊ चौरस किलोमीटरच्या जवळ जाते, म्हणजे तेवीसशे एकरांच्या वर. त्यात ऊस उभा असेल तर शोधा म्हणावं. शिवाय फोन नेहमी जवळच्याच टॉवरला धरतो असंही नाही, मध्ये डोंगर आला, टॉवरवर लोड आला की लांबचा पकडतो. देगलूर-उदगीरकडच्या सीमेवरच्या लोकांना विचारा, घरात बसलेले असतात आणि फोन कर्नाटक नाहीतर तेलंगणातला टॉवर धरतो. एखाद्या निरपराध माणसाचं लोकेशन दुसऱ्या राज्यात दाखवलं आणि तो म्हणतोय साहेब मी ओसरीवरच होतो, यावर कुणी अजून नीट लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

फोन बंद असला तर चालू लोकेशन मिळत नाही, शेवटचं कुठं होतं तेवढं मिळतं. सिम फेकून दिलं तरी हँडसेट तोच असला तर नवीन सिम घातल्या घातल्या आयएमईआयवरून कळतं, चोरीचे मोबाईल असेच सापडतात, आणि त्यासाठी सीईआयआर हे हरवलेल्या-चोरीच्या मोबाईलचं सरकारी पोर्टल आहेच. आरोपी एकदम हुशार दाखवायचा आणि त्यानं फक्त सिम बदललं असं दाखवायचं, हे जमत नाही.

लॉक असलेला फोन हॅकर पोरगं तीन पासवर्ड टाकून उघडतं, हे पण सोडा. फोन जप्त झाला की आधी त्याचं नेटवर्क तोडायचं बघतात, कारण लांबून डेटा उडवता येतो. मग सील करून लॅबला. काही फोन उघडतात, काही उघडत नाहीत.

मृत्यूच्या वेळेकडं येतो. पुस्तकातला नियम असा की मेल्यावर शरीर हळूहळू थंड होत भोवतालच्या तापमानाला येतं, त्यावरून अंदाज काढतात. आता मे महिना धरा, परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढं, म्हणजे हवाच अंगापेक्षा गरम. शरीर थंड कुठून होणार? तो हिशोबच तिथं बंद पडतो. शरीर ताठ होण्याची क्रिया उन्हाळ्यात लवकर सुरू होते आणि लवकर सुटते, सडणं पण लवकर. त्यामुळं डॉक्टर तासांची रेंज देतात, इतके ते इतके तास, आणि शवविच्छेदनात पोटातलं अन्न कितपत पचलं होतं ते नोंदवतात. म्हणजे शेवटचं जेवण कधी झालं हे घरच्यांना विचारावं लागतं. बघा, परत माणसाकडं आलो. आरोपी सासू आहे आणि जेवणाची वेळ तीच सांगायली, एवढ्यावर गोष्ट किती वळणं घेईल.

खुनाचं पोस्टमॉर्टम रात्री दोन वाजता ट्यूबलाईटखाली, हे पण सगळ्यांना आवडतं. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टम करायला सोय असलेल्या दवाखान्यांना मुभा दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, संशयास्पद मृत्यू, सडलेला देह हे त्यातून वगळले, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असला तरच रात्री. तर तुमच्या गोष्टीत नातेवाईक रात्रभर सरकारी दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसलेले दाखवा, सकाळची वाट बघत. ती रात्र लिहा, सगळे जबाब त्या रात्रीत बदलतात.

विष असेल तर डॉक्टर वास घेऊन नाव सांगत नाही. कीटकनाशकाचा वास येऊ शकतो, संशय येतो, पण कारण राखून ठेवलं जातं. पेपरात वाचता ना, "व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे", तो म्हणजे जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बरणीत मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून, सील करून, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेला पाठवलेले असतात. रिपोर्ट यायला आठवडे, कधी महिने. तोपर्यंत स्टेशन डायरीला अकस्मात मृत्यूच. गावात मात्र सगळ्यांनी निकाल लावलेला असतो. या मधल्या काळात गावात काय होतं, तो एपिसोड कुणीतरी कराच.

विहिरीतला मृतदेह आपल्याकडं नेहमीचा, म्हणून एक टेस्ट सांगतो. पाण्यात डायटम नावाचं डोळ्याला न दिसणारं शेवाळ असतं. जिवंत माणूस बुडताना पाणी ओढतो, हृदय चालू असतं, तर ते रक्तातून पार हाडाच्या मगजापर्यंत जाऊ शकतं. आधी मारून टाकलेल्याच्या तिथपर्यंत ते तसं पोहोचत नाही. पण त्यासाठी त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यावा लागतो, आणि एवढं करून हा जोडपुरावाच, एकट्यानं केस ठरवत नाही. बॉडी काढायच्या गडबडीत पाण्याचा नमुना घ्यायचा राहिला, ही चूक दाखवा, अगदी खरी वाटते.

डीएनए. टेस्ट करायलाच नमुना काढणं, वाढवणं, मशीनवर चालवणं यात निवांत एक-दोन दिवस जातात, वर लॅबमधली रांग वेगळी. आणि समजा प्रोफाईल मिळाली, जुळवायची कशाशी? कॉम्प्युटरवर फोटो भराभर फिरतात आणि एकावर मॅच येतं, तसं देशभरातल्या गुन्हेगारांचं डीएनएचं कोठार आपल्याकडं नाही. त्यासाठीचं विधेयक २०१९ ला आलं होतं, ते जुलै २०२३ मध्ये मागं घेतलं. म्हणजे आधी संशयित पाहिजे, मग त्याच्या रक्ताशी तुलना.

बोटांच्या ठशांचं कोठार आहे, राज्य पोलिसांची अँबिस आणि देशाची नाफिस, पण त्यात बहुतेक आधी अटक झालेले लोक. पहिल्यांदाच गुन्हा करणारा त्यात सापडणार नाही. मग लोक लिहितात आधारवरून ठसे जुळवले. हे अजिबात नको. आधार कायद्यात बोटांचे ठसे तपासाला द्यायची वाटच ठेवलेली नाही, गोव्यातल्या एका केसमध्ये कोर्टानं ते द्यायला सांगितलं होतं तर सुप्रीम कोर्टानं मार्च २०१४ मध्ये त्याला स्थगिती दिली. आणि ठसा उमटायला जागा पण तशी लागते, स्टीलचा तांब्या, काच, गुळगुळीत रंगाचं कपाट यावर चांगला येतो, दगडी भिंत, खरबरीत लाकूड, वीट यावर अवघड. ऊसतोड करणाऱ्याच्या, कापूस वेचणाऱ्याच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, रेशन दुकानात त्यांचा अंगठा लागत नाही हे आपण रोज बघतो, तर तपासात पण तो ठसा अर्धवटच येणार.

बाकीचं भराभर. रक्त दोन दिवसांनी लाल दिसत नाही, काळपट तपकिरी होतं. रक्ताचे पुसलेले डाग शोधायला ल्युमिनॉल फवारतात, त्याची निळी चमक अंधारातच दिसते आणि ब्लीचिंग पावडरनं धुतलेल्या फरशीवर पण येते, म्हणून पुढची टेस्ट लागतेच. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की सेकंदात बेशुद्ध, खोटं आहे, मिनिटं लागतात. नार्को आणि लाय डिटेक्टर आरोपीच्या संमतीशिवाय करता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा मे २०१० चा निकाल आहे. श्वान पथक घराच्या दारापर्यंत नेतंच असं नाही, पेपरातलं वाक्य आठवा, "श्वान रस्त्यापर्यंत जाऊन तिथंच घुटमळलं", म्हणजे तिथून आरोपी गाडीवर बसला, हा पण धागाच आहे. आणि घटनास्थळी आधी गाव जमतं, चपलांनी सगळं तुडवून होतं, हे दाखवायला खर्च पण येत नाही.

शेवटी कागद, ज्याला सगळे टाळतात. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, तुमचा एपिसोड त्यानंतरचा असेल तर झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग पाहिजे, आणि फुटेज पेनड्राईव्हवर दिलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ज्यात मशीन सांभाळणाऱ्याची सही असते, तज्ञाची सही असते आणि फाईलची हॅश व्हॅल्यू लिहिलेली असते. हॅश म्हणजे फाईलवरून काढलेला लांबलचक आकडा, फाईलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो.

हे रुक्ष वाटत असेल तर जालन्याची केस वाचा. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, मुद्दा हा की उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत दाखल झाला होता का. निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, त्याच्या सीडी कोर्टात आल्या, पण तेव्हाच्या साक्ष कायद्यातलं कलम ६५ ब चं, म्हणजे आत्ताच्या ६३ सारखंच, सर्टिफिकेट नव्हतं, मागून मागून मिळालं नव्हतं. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ ला निवडणूक रद्द केली आणि सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० ला ते कायम ठेवलं, सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नाही तर सर्टिफिकेट लागणारच, पण शक्य ते सगळे प्रयत्न करूनही ते मिळत नसेल तर त्या माणसाला सूट मिळू शकते. आज देशभरातले वकील फुटेजवर वाद घालताना याच निकालाचा दाखला देतात. घड्याळ, कॅमेरा, न मिळणारं सर्टिफिकेट, सगळं आपल्या जालन्यातलं. यापेक्षा मोठं कोर्टनाट्य शोधायला कुठं जायचं?

स्क्रिप्ट लिहून झाली की तीन जणांना वाचायला द्या. एक रिटायर्ड जमादार, प्रत्येक तालुक्यात कुणी ना कुणी असतो आणि त्याला विचारलं की आनंदानं सांगतो, फक्त चालू केसचं विचारू नका. एक सरकारी दवाखान्यात काम केलेला डॉक्टर. आणि एक कॅमेरा बसवणारा, तो तुमच्याच गल्लीत सापडेल. त्यांना गोष्ट कशी वाटली हे विचारायचं नाही, पेन्सिल द्यायची आणि म्हणायचं, जिथं असं होत नसतं तिथं काट मारा. काट पडली की तो सीन फेकू नका. तिथंच विचारा, मग खऱ्यात काय होतं काका? ते जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्या, आणि त्या जागेपासून पुढची पानं परत लिहा.